सातव्या धड्यातले नाना

शाळेत मला सगळे 'लेखक' म्हणायचे आणि लेखकांच्या बैठकीत सगळे 'मास्तर' म्हणायचे. दोन्हीकडे त्यामागे आदर आहे असा माझा बरीच वर्षं समज होता. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या लेलेबाईंनी तो दूर केला. बाई पेठेतून धायरीला शिकवायला येत आणि येताना पेठ बरोबर आणत. एकदा वह्या तपासता तपासता, मान वर न करता म्हणाल्या, "अहो सर, जिथे ज्याचा उपयोग नसतो, तिथे त्याला त्या नावाने ओळखतात." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितलं आहे. पण त्यांच्याही आधी एका माणसाने मला हे लिहायचा दम भरला होता. त्याच्याकडे येतोच.

मराठी शिकवतो आणि पुस्तकं लिहितो, एवढं एकदा गावाला कळलं की माणसाची सुटका नसते. मंगलाष्टका, मानपत्रं, वर्षश्राद्धाच्या जाहिरातीतल्या दोन ओळी, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं माझ्या दारी यायचं. एक गृहस्थ मंगलाष्टकात नवरीच्या सगळ्या आत्यांची नावं बसवा म्हणून अडून बसले. वृत्तात बसत नाहीत म्हटलं, तर म्हणाले, "मग वृत्त मोठं घ्या की, हॉल मोठाच आहे." पुढे कंपन्यांत लागलेली पोरं यायला लागली. एकाला ऑफिसातल्या मराठी दिनाचं भाषण हवं होतं. "सर, टू मिनिट्स फक्त, पण इमोशनल पाहिजे." मी लिहून दिलं. त्याला बढती मिळाली असं नंतर कळलं. त्यात माझा वाटा किती ते त्याने सांगितलं नाही.

ग्रामीण लेखक म्हणजे काय, हे बाहेरच्यांना थोडक्यात सांगतो. तो बहुधा शहराच्या कडेला राहतो. पुरता गावात राहिला तर लिहायला वेळ मिळत नाही, पुरता शहरात राहिला तर लिहायला काही मिळत नाही. मी वारज्याला राहायचो आणि सायकलवर धायरीच्या शाळेत जायचो. त्या वाटेवर माझं सगळं साहित्य होतं. कथेला एक म्हातारा, एक जनावर आणि एक झाड लागतं. म्हाताऱ्याने कमी बोलायचं असतं. शिवाय आम्हा लोकांत एक शिकवण होती, की लेखकाने विचारत बसायचं नाही, पाहायचं. विचारलं की माणूस बिचकतो आणि खोटं बोलतो. ही शिकवण मी मनापासून पाळली आणि तिनेच माझा घात केला.

धायरीच्या शिवेवर सोपाननानांचं रान होतं. मेथी-कोथिंबीर करायचे आणि टेम्पोतून मार्केट यार्डला न्यायचे. तेव्हा नाना पन्नाशीचे असतील. रोज दाढी करणारा, टेरिकॉटचा शर्ट घालणारा, विडी आणि क्रिकेटची कॉमेंट्री एकाच वेळी चालवणारा हा माणूस माझ्या कथेच्या काही कामाचा नव्हता. मी जाता-येता "काय नाना?" म्हणायचो, ते "चाललंय" म्हणायचे. संपला संवाद.

थंडीतली एक सकाळ. मी सायकलवरून चाललो होतो आणि बांधावरच्या चिंचेला नाना मिठी मारून उभे होते. दोन्ही हात बुंध्याला, गाल सालीवर टेकलेला, डोळे मिटलेले. मी उतरलोच. त्या सुमारास रस्ता रुंद होणार, कडेची झाडं जाणार, असं गावात बोललं जात होतं. मला वाटलं, हा माणूस आपल्या झाडाचा निरोप घेतोय. अंगावर काटा आला. नानांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि एक हात किंचित हलवला. मी त्याचा अर्थ असा लावला की, जा बाबा, हे आमचं खासगी आहे. मी लांबूनच दोन्ही हात जोडले, मान लववली आणि आवाज न करता सायकल ढकलत पुढे गेलो. पहिल्या तासाला काय शिकवलं ते आजही आठवत नाही.

त्या आठवड्यात 'बांधावरची चिंच' ही कथा लिहून झाली. कथेत रान विकत घ्यायला आलेल्या माणसाला नाना विचारतात, "अरं, रान इकलं तर सावली कुठं ठिवू?" हे वाक्य मला शाळेतल्या नळावर हात धुताना सुचलं. मी तसाच ओल्या हाताने वर्गात जाऊन ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं आणि कुणी पुसू नये म्हणून चौकट काढली.

कथा एका दिवाळी अंकात आली, लोकांना आवडली, आणि चार-पाच वर्षांनी आठवीच्या मराठीच्या पुस्तकात गेली. सातवा धडा. पुस्तकात जाताना समितीने तिच्यावर संस्कार केले. नानांची विडी काढली. शिव्या काढल्या. विडी आणि शिव्या गेल्यावर नानांना करण्यासारखं काही उरेना, म्हणून "ते शांतपणे क्षितिजाकडे पाहत बसले" असं एक वाक्य घातलं. शेजारी चित्र काढलं. पांढरी दाढी, मुंडासं, हातात काठी.

गंमत अशी की त्या वर्षी माझ्या आठवीच्या वर्गात नानांचा नातू सागर होता. त्याचे वडील आदल्या वर्षी आजारपणात गेले होते. पोरगं मुकं झालं होतं. मी धडा वाचला आणि शेवटी, न राहवून, "हे नाना म्हणजे आपल्या सागरचे आजोबा बरं का" असं सांगितलं. सगळा वर्ग वळून त्याच्याकडे बघायला लागला. मग कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

आपलाच धडा आपण शिकवण्यात मान असेल असं तुम्हाला वाटेल. बाजारात गाईड आलं आणि माझा मान संपला. मी मध्यवर्ती कल्पना सांगितली की मागच्या बाकावरून हात वर. "सर, गाईडमध्ये वेगळी आहे." मी म्हटलं, बाळा, ही कथा मी लिहिली आहे. तर पोरगी शांतपणे म्हणाली, "हो सर, पण परीक्षेत काय लिहायचं?" शेवटी मीही गाईड विकत घेतलं. लेलेबाई म्हणाल्या, "बरं झालं. आता तुम्हाला काय म्हणायचं होतं ते तुम्हालाही कळेल."

सहामाहीला प्रश्न आला, 'नानांचे स्वभावचित्र रेखाटा.' सगळ्यांनी गाईडमधलं लिहिलं, निसर्गप्रेमी, मितभाषी, मातीशी नाळ जोडलेले. सागरने लिहिलं होतं की नाना भारत हरला की रेडिओला शिव्या देतात. ते चिंचेखाली कधी बसत नाहीत, कारण चिंचेखाली बसलं की अंग धरतं असं आजी, म्हणजे आक्का, म्हणते. नानांना लिफ्टची फार हौस आहे, मोठ्या दवाखान्यात गेले तेव्हा काम नसताना लिफ्टमधून वर-खाली करत होते, शेवटी शिपायाने उतरवलं. पप्पा गेल्यापासून नाना रात्रीचं भाकरी खात नाहीत, पण मला खायला लावतात. मी खाली लाल शाईने लिहिलं, 'पाठाला धरून लिही', आणि निम्मे गुण कापले. असं मी सगळ्यांनाच लिहायचो. वार्षिक परीक्षेत त्याने पाठाला धरून लिहिलं आणि पैकीच्या पैकी मिळवले.

ते पुस्तक नानांच्या हातात पडायला दिवाळीची सुट्टी उजाडली. सुट्टी संपल्या संपल्या नाना शाळेत हजर. शिक्षकांच्या खोलीत येऊन त्यांनी पुस्तक माझ्यापुढे उघडून ठेवलं.

"मास्तर, हा म्हातारा कोन?"

"तुम्हीच, नाना."

"मी? आन ही दाढी कवा आली मला?"

मी म्हटलं, चित्रकाराची कल्पना असते. मग, जरा हळवा होऊन, त्या सकाळचं सांगितलं. चिंच, मिठी, मिटलेले डोळे. नाना माझ्याकडे बघत राहिले.

"आवं, कमरेत उसण भरली व्हती माझ्या," ते म्हणाले. "पाटाचं पानी वळवाया, दारं मोडाया वाकलो आन तसाच धरलो गेलो. कसाबसा चिंचंपोतूर आलो न् तिला धरून उभा ऱ्हायलो. हलाया येईना, वरडाया येईना. तुमी दिसला, म्हनलं, देव पावला. हातानं बोलवलं तुमाला, तर तुमी नमस्कार घातला न् गेला निघून. आक्का भाकरी घिऊन येस्तवर तसाच टांगून व्हतो."

खोलीत कुणी हसलं नाही. सगळे जण एकदम वह्या तपासायला लागले. लेलेबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. नाना जाताना दारात वळले. "आन ते सावलीचं काय लिव्हलंय? मी आसलं कवा बोललो? सावली काय ठिवायची वस्तू हाय?"

मला वाटलं, प्रकरण इथे संपलं. पण धडा संपत नसतो, दरवर्षी नवी आठवी येते. शाळांच्या सहली येऊ लागल्या. मग रविवारी कोथरूडकडची सुशिक्षित मंडळी यायला लागली, थर्मास, सतरंजी आणि टोप्या घेऊन. चिंचेला मिठी मारून फोटो काढायची, खालच्या चिंचा वेचायची आणि नानांना सांगायची, "नाना, आपण ते वाक्य म्हणा ना एकदा." नाना म्हणायचे, "मला येत न्हाई, मास्तरला ईचारा." लोकांना ते फारच मितभाषी वाटायचं. या सगळ्यांना पाणी आणि चहा आक्का द्यायच्या. घर रानातच, उंच ओट्याचं. ओट्याच्या पायऱ्या चढून-उतरून आक्कांचे गुडघे गेले. मी भेटलो की म्हणायच्या, "गुरुजी, धडा तुमचा आन च्या माझा."

मधल्या काळात देशात काय बदललं ते लेलेबाई वर्तमानपत्रातून वाचून दाखवायच्या. आम्हाला ते रस्त्याकडेच्या पाट्यांवरून कळलं. 'नांगरट करून मिळेल' ही पाटी गेली आणि 'जागा घेणे-देणे' आली. मग 'टू बीएचके, स्विमिंग पूलसह' आली. माझी सायकल जाऊन एम-एटी आली. शेवाळ्यांच्या पेरूच्या बागेत जिम झाली. ज्या म्हाताऱ्यांवर मी कथा लिहायचो ते जीपमधून जाता-जाता मला "सोडू का मास्तर?" विचारायला लागले. भांडवल संपलं की दुकान बंद होतं, तसं माझं लेखन मंदावलं. सागर इंजिनिअर झाला आणि हिंजवडीला लागला. कंपनीची बस त्याला भल्या सकाळी घेऊन जायची आणि अंधार पडल्यावर आणून सोडायची.

एके दिवशी नाना वारज्याला माझ्या घरी आले. ते कधी येत नसत, त्यामुळे मी जरा घाबरलोच. पाणी प्यायले आणि सरळ विषयाला आले.

"मास्तर, मला रान इकायचंय."

पलीकडे इमारती होणार होत्या. बिल्डर रानाच्या बदल्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट द्यायला तयार होता. लिफ्ट, घरात कमोड, पाणी नळाला. आक्कांना बाहेरच्या संडासापर्यंत जायला भिंत धरावी लागत होती. पावसाळ्यात दोनदा पडल्या होत्या. डॉक्टरने सांगितलं होतं, पायऱ्या बंद करा, खाली बसणं बंद करा. "तिचं आता सगळं बंद करायचं ठरलंय," नाना म्हणाले, "तर निदान तिला बसाया खुर्चीचा संडास तरी नको का?"

"मग अडलंय कुठे?"

"तुमच्या धड्यात."

वडिलोपार्जित रान, मुलगा गेलेला, म्हणून सागरची सही लागत होती आणि सागर सही करत नव्हता. नानांनी सांगितलेली हकीगत अशी. बिल्डरचा माणूस कागद घेऊन पहिल्यांदा आला, नाव ऐकलं आणि त्याने आधी नानांच्या पाया पडून घेतलं, कारण त्याच्या मुलीला सातवा धडा होता. मग तो म्हणाला, नाना, तुम्ही विकताय? तुम्ही? नानांनी त्याला उसण सांगितली. त्याला पटलं, त्याला पटण्यातच फायदा होता. पण सागर म्हणाला, नाना, तुम्ही आमच्यासाठी त्याग करताय, मी तो करू देणार नाही. कंपनीतल्या त्याच्या कॉम्प्युटरवर चिंचेचा फोटो होता. शुक्रवारच्या मौजमजेच्या तासाला त्याने धड्याचं इंग्रजी करून वाचलं होतं आणि म्हणे एक तमिळ मुलगी रडली होती.

"मी त्याला पन्नास बारी सांगितलं, मला हौस न्हाई ह्या चिंचंची. तर म्हनतो, तुमी आतून तसं न्हाई. आतून म्हंजी काय वो मास्तर? आता तुमी या आन त्याला सांगा, वाक्य तुमचं हाय. परत घ्या तुमचं तुमी."

मी लगेच हो म्हणालो नाही. त्याचं कारण सांगतो. माझी पुस्तकं बरीच आहेत, पण महाराष्ट्राला माझं एकच वाक्य पाठ आहे, आणि तेही नानांचं म्हणून. शाळेच्या भिंतीवर ते रंगवलं होतं. सत्काराला उभा राहिलो की निवेदक तेच म्हणायचा. ते मी नळावर हात धुताना बनवलं, असं जगजाहीर झालं तर माझ्या हाती काय राहणार? आणि दुसरीकडे, खोटं कशाला बोलू, ते वाक्य माझं आहे हे एकदाचं कुणाला तरी कळणार याचा आनंदही होत होता. माझी बायको आतून म्हणाली, "जा हो. आक्का पडल्या तर ते वाक्य काय उचलणार आहे त्यांना?" मी गेलो.

रविवारची सकाळ होती. सागर ओट्याखाली अंगणात खुर्ची टाकून बसला होता, मांडीवर लॅपटॉप. मला बघून उठला, वाकून नमस्कार केला. मी पाल्हाळ न लावता सगळं सांगितलं. उसण, नमस्कार, नळ, फळा, चौकट. नाना बाजूला विडी ओढत, प्रत्येक वाक्याला "खरं हाय" म्हणत होते.

सागर हसला. "सर, तुम्ही ग्रेट आहात. नानांसाठी तुम्ही स्वतःची कथासुद्धा खोटी पाडताय."

"अरे, खोटीच आहे."

"सर, लेखकाला स्वतःलाच कळत नाही त्याने काय लिहिलंय. गाईडमध्ये होतं तसं."

करायला गेलो गणपती आणि झालं माकड. मी नानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बघा, ह्ये आसं हाय." मी पुन्हा मास्तरच्या आवाजात म्हणालो, "सागर, हा हट्ट आहे. तुझे आजोबा तसे नाहीत."

आता त्याचा चेहरा बदलला. लॅपटॉप मिटून तो म्हणाला, "मला माहीत आहे ते कसे आहेत. सहामाहीला मी तेच लिहिलं होतं. तुम्ही मार्क कापले. पाठाला धरून लिही म्हणालात." तो पुढे म्हणाला, "पप्पा गेल्यावर मी वर्गात आलो की पोरं बोलायची थांबायची, सर. डब्याला कुणी जवळ बसवून घ्यायचं नाही, काय बोलावं कळायचं नाही त्यांना. धडा झाला त्या दिवशी माझ्याशेजारी बसायला भांडणं झाली. मी बाप नसलेला सागर होतो, तो चिंचवाल्या नानांचा सागर झालो. आता चिंच विकली की मी परत कोण?"

नानांची विडी हातातच विझली. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या धड्याने माझं भलं केलं आणि नानांचं वाटोळं. या पोराचा हिशोबच मी धरला नव्हता.

तेवढ्यात सागर एकदम हळू आवाजात म्हणाला, "सर, मागे बघा. आवाज करू नका."

मी वळलो. आक्का चहाचा ट्रे घेऊन येता येता ओट्याच्या मधल्या पायरीवर थांबल्या होत्या. ट्रे त्यांनी वरच्या पायरीवर ठेवला होता आणि दोन्ही हातांनी ओट्याचा लाकडी खांब कवटाळला होता. गाल खांबाला टेकलेला. डोळे मिटलेले.

"बघितलंत?" सागरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "किती जीव आहे तिचा या घरावर. आणि तुम्ही म्हणता विका."

आक्कांनी डोळे उघडले आणि एक हात किंचित हलवला.

माझे हात जोडले जायच्या बेतात होते, खरंच सांगतो. सवय ती. पण ती हालचाल मी आधी एकदा पाहिली होती. मी म्हटलं, "अरे गाढवा, त्यांना उतरता येत नाहीये." आणि आयुष्यात पहिल्यांदा कथेतल्या माणसाला विचारलं, "आक्का, काय झालं?"

"गुडघा धरलाय गुरुजी," आक्का म्हणाल्या. "मगाधरनं हात करतीय, कुनी बघंना."

सागर धावला. त्याने त्यांना उचलून आणून खुर्चीत बसवलं आणि पायाशी बसून राहिला. आक्का गुडघा चोळत त्यालाच म्हणत होत्या, "रडायला काय झालं? च्या निवतोय तिकडं." त्याने विचारलं, "रोज असं होतं?" आक्का म्हणाल्या, "तू सकाळी जातोस तवा बरा असतो गुडघा. उनं वर आली की धरतो." नानांनी उठून स्वतः चहा आणला.

कप खाली ठेवल्यावर सागर म्हणाला, "सही करतो. पण सर, आधी माझे कापलेले मार्क द्या."

मी हसलो, पण तो हसत नव्हता. खिशाला लाल पेन होतं, मास्तरच्या खिशाला असतंच. कागद शोधू लागलो तर त्याने तळहात पुढे केला. मी त्यावर पैकीच्या पैकी गुण लिहिले, खाली सही केली आणि सवयीने रेघही मारली. दुसऱ्या दिवशी तो तसाच हात घेऊन कंपनीत गेला, असं आक्कांनी सांगितलं.

इमारत झाली. बिल्डरने चिंच तोडली नाही. त्याला ती फायद्याची होती. इमारतीचं नाव 'सावली', आणि सिंहगड रस्त्यावर मोठा फलक लागला, 'सावली कुठं ठिवू? इथे ठेवा. मोजकेच फ्लॅट शिल्लक.' खाली माझं नाव नव्हतं, नानांचंही नव्हतं. लेलेबाईंनी तो बसमधून पाहिला आणि शाळेत येऊन म्हणाल्या, "अभिनंदन सर. तुमचं वाक्य शेवटी कामाला लागलं." चिंचेखाली आता स्कूटरी लावतात. पाखरं घाण करतात म्हणून फांद्या छाटायचा ठराव सोसायटीच्या बैठकीत आला तेव्हा सगळ्यात आधी नानांनी हात वर केला. सागरने ठराव पाडला. आक्का लिफ्टने खाली येऊन बाकावर बसतात आणि नाना त्यांना सोडायला म्हणून खाली येतात, वर जातात, आणायला म्हणून पुन्हा खाली येतात. मला त्यांनी पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये नेलं, बटणं दाखवली आणि म्हणाले, "ह्याच्यावर लिवा की कायतरी."

मग अभ्यासक्रम बदलला आणि सातवा धडा गेला. त्याच्या जागी संगणकावरचा पाठ आला. मला वाईट वाटलं, पण तोवर मी निवृत्तीला आलो होतो. नानांना मात्र राग आला. ज्या धड्याला त्यांनी इतकी वर्षं शिव्या दिल्या, तो काढला म्हणून ते शाळेत येऊन भांडले. "आमच्या जागी कुनाला घेतलं? कॉम्प्युटरला? त्याला काय नातू हाय का?" मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. नाना मला म्हणाले, "तुमी खोटं लिव्हलं म्हनून काढला. आता खरं लिवा. उसण भरल्याचं लिवा, दाढीचं लिवा, आक्काच्या गुडघ्याचं लिवा. समदं."

तर ते हे. लिहून झाल्यावर मी 'सावली'त गेलो आणि दोघांना वाचून दाखवलं. सागरही होता. आक्का मध्ये मध्ये हसत होत्या आणि "अगं बाई, ह्येबी लिव्हलं?" म्हणत होत्या. सागर खिडकीतून खालच्या चिंचेकडे बघत तळहात चोळत होता. नाना मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत होते.

"कसं वाटलं?" मी विचारलं. आता मी विचारतो.

"बरं हाय," नाना म्हणाले. "समदं खरं हाय. पर एक चुकलंय."

"काय?"

त्यांनी सागरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज जरा खाली आणला.

"ते सावलीचं मी बोललोच न्हाई, आसं कशाला लिव्हलं? बोललो आसंन की मास्तर कवातरी. तुमी तवा तिथं नसाल."